केसांतले तेल आणि मेंदूतल्या लहरी

लातूरच्या आमच्या महाविद्यालयात मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी घेतलेला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवणारा) पट्टा, ज्याचे दोन इलेक्ट्रोड (लहरी टिपणारे संपर्कबिंदू) कपाळावर आणि दोन कानांमागे टेकतात, वर्षभर वापरला. डोळे मिटताच ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरी पडद्यावर उसळतात आणि उघडताच ओसरतात. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी वर्णिलेला हा प्रकार पाहून मुले हरखतात, आणि तेवढ्यासाठी पट्टा उत्तम आहे.

अवधानाच्या प्रयोगात मात्र तो उघडा पडतो. एकसारख्या आवाजांत मधूनच वेगळा आवाज ऐकवल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी उमटणारी पी-३०० लहर डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात सर्वांत ठळक मिळते, आणि तिथे याला इलेक्ट्रोडच नाही. त्यामुळे पुष्कळ नोंदींची सरासरी काढूनही आम्हाला पुसटसा उंचवटाच दिसला. सोबतच्या अ‍ॅपमधील ‘लक्ष’ दाखवणाऱ्या टक्केवारीवर तर विसंबूच नये, कारण आमच्या एका विद्यार्थ्याने नुसते दात आवळून ती वर नेली.

मे महिन्यातल्या घामाने पडद्यावरची लहरींची रेघ सरकत राहते. चोपडलेले खोबरेल तेल कानांमागे ओघळले असेल, तर स्पिरिटच्या बोळ्याने त्वचा पुसावी आणि नोंदीत मिसळणारी वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण टाळण्यासाठी लॅपटॉप चार्जरवरून काढावा.