मधल्या खोलीत उजेड हवा: काचेचं कौल, शीट, आडवी काच की उभा झरोका?

साताऱ्याच्या पेठांत किंवा सांगलीच्या गावभागात घराच्या दोन्ही भिंती शेजाऱ्यांना लागलेल्या असतात. पुढची खोली उजेडात, मागचं स्वयंपाकघर उजेडात, पण मधल्या खोलीत भरदिवसा दिवा. तिथे वरून उजेड घ्यायचा विचार रास्तच आहे. कसा घ्यायचा, ते मात्र दोन गोष्टींवर ठरतं: छत कसलं आहे आणि घर कुठे आहे. पाटण-जावळीत पावसाचा विचार आधी करायचा, माण-जतमध्ये उन्हाचा.

छत कौलारू असेल तर फार विचार करू नका, काचेचं कौल घ्या. ते मंगलोरी कौलाच्याच मापाचं असतं, त्याच रिपांवर बसतं आणि छताला उतार असल्याने पाणी थांबत नाही. दोन-तीन कौलं बदलली तरी माजघर उजळतं. कष्ट एवढेच की वर्षातून एकदा शेवाळ पुसायचं. वाई-महाबळेश्वरकडे माकडांचा त्रास आहे, तेव्हा एक-दोन जादा कौलं घरात ठेवा.

पत्र्याच्या छताला पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट लावतात. ती हलकी आणि स्वस्त असते, गारांनाही काचेपेक्षा चांगली टिकते. पण उन्हाने ती वाढते: दहा फुटांची शीट 40 अंशांच्या फरकात सुमारे 8 मिलिमीटर. म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडावं लागतं आणि खाली रबरी वॉशर हवा. आवळून बसवलेली शीट तिथेच तडकते आणि तिथूनच गळते. अतिनील किरणं अडवणारा थर बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो, ती बाजू आकाशाकडे हवी. उलटी लागली तर लवकर पिवळी पडते. पावसाचा आवाजही मोठा. पडवी, गोठा, धुण्याची जागा यांना ती उत्तम. झोपायच्या खोलीवर मी ती लावू देणार नाही.

खरा प्रश्न स्लॅबच्या घराचा. बहुतेकांच्या मनात असते ती स्लॅबमधली आडवी काच. उजेड तिच्यातूनच सर्वांत जास्त येतो, यात वाद नाही. पण मेच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो, म्हणजे उन्हाळा सर्वांत कडक असतानाच ही काच सर्वांत जास्त ऊन आत घेते. खालून पडदा लावला तरी उष्णता काच ओलांडून आत आलेलीच असते. सावली करायची तर ती काचेच्या वर, बाहेरून. आटपाडी-जतला आडवी काच घेऊच नका. महाबळेश्वरच्या गारव्यात ऊन सोसेल, पण तिथे वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला प्रत्येक थेंब सांध्याची परीक्षा घेतो. तरीही घ्यायचीच असेल तर काच लॅमिनेटेडच हवी, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा चिकटवलेली. नुसती टफन (तापवून कडक केलेली) काच फुटली की तिचे खडे थेट खालच्या माणसावर येतात. लॅमिनेटेड फुटली तरी मधल्या पडद्याला धरून राहते. भोकाभोवती किमान सहा इंचांचा कट्टा, वॉटरप्रूफिंग त्या कट्ट्यावर चढवलेलं, आणि काचेला उतार.

माझं मत उभ्या झरोक्याच्या बाजूने आहे. भोकाभोवती दोन-अडीच फूट भिंत उचलायची, वर छोटा स्लॅब टाकायचा आणि उत्तरेच्या अंगाला उभी काच बसवायची. उजेड थोडा कमी, पण दिवसभर एकसारखा. उत्तरेला भरदुपारचं ऊन जवळजवळ येतच नाही. मे ते जुलैत सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन येतं तेवढंच. आपला पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येचा, त्यामुळे सर मुख्यतः पाठीमागच्या भिंतीवर बसते. काचेशेजारी जाळीची झडप ठेवली तर छताला साचलेली गरम हवाही निघून जाते. आडव्या बंद काचेला हे जमत नाही. खर्च मात्र वाढतो, आणि हे काम घरी येणाऱ्या गवंड्याला नीट समजावून सांगावं लागतं.

आकार बेताचा ठेवा. बारा बाय पंधराच्या खोलीला आठ-नऊ चौरस फूट पुरे. नवं घर असेल तर भोक सेंट्रिंगच्या वेळीच सोडून भोवती जादा सळई घ्या. जुना स्लॅब स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय फोडू नका. चुकीची सळई कापली तर अख्खी खोली धोक्यात येते.

देखभाल वळवाच्या आधी करायची. काचेभोवतीचं सिलिकॉन बोटाने दाबून पाहा: कडक झालं असेल, सुटलं असेल तर खरवडून नवीन भरा, जुन्यावर थर चढवू नका. कट्ट्यामागे अडकलेला पाचोळा काढा, कारण तिथेच पाणी तुंबतं. शीट धुताना थिनर किंवा घासणी वापरू नका, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बस. नवीन काम असेल तर फॅब्रिकेटरसमोरच पाइपने तासभर पाणी सोडा, खाली भिंतीच्या कडेला हात फिरवून पाहा, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.