‘नेटिव्ह’ (इथलीच) म्हणून गळ्यात मारलेली रोपं

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत राहणाऱ्या आणि अंगणात बटरफ्लाय वीड, म्हणजे रुईच्या जातकुळीतलं केशरी फुलांचं मिल्कवीड, लावू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. मे महिन्यात शनिवारच्या बाजारात रोपांचे ट्रे लागतात. तिथेच आम्हा चार-पाच घरांना एका विक्रेत्यानं फसवलं.

इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे २.२ कोटी एकर प्रेअरी, म्हणजे गवताळ माळरान, होती. त्यातली चांगल्या अवस्थेतली प्रेअरी आज एका टक्क्याचा शंभरावा भागही उरलेली नाही. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मिल्कवीडखेरीज काही खात नाहीत, म्हणून घरापुढच्या उन्हाच्या पट्ट्यात इथलंच मिल्कवीड लावायचं असं आम्ही ठरवलं होतं. लेबलवर केशरी फुलाचा फोटो, खाली ‘नेटिव्ह’, ‘पेरेनियल’, ‘दर वर्षी पुन्हा येते’. एका कुंडीचे १८ डॉलर. शास्त्रीय नाव कुठेच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, ‘बटरफ्लाय वीड एकच असतं.’

फुलं उमलली ती लाल, मधे पिवळी. बघताक्षणी ओळखलं, ही तर हळदीकुंकू! कोकणात ओढ्याकाठी, बांधावर उगवणारी. तिचं मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं, शास्त्रीय नाव अ‍ॅस्क्लेपियास क्युरासाविका. इथलं खरं बटरफ्लाय वीड म्हणजे प्रेअरीवरची अ‍ॅस्क्लेपियास ट्युबरोझा. पान तोडलं तर रुईसारखा पांढरा चीक ठिबकला. ट्युबरोझाला पांढरा चीक नसतोच, पाण्यासारखा रस येतो. मिल्कवीडांमध्ये हे तिचं वेगळेपण आहे.

खात्री करायला लायलच्या मॉर्टन आर्बोरेटममधल्या शुलेनबर्ग प्रेअरीत गेले. १९६२ पासून उभी केलेली ही प्रेअरी आहे. तिथे खरी ट्युबरोझा बहरली होती. गुडघ्याएवढी, देठावर खरखरीत लव, पानं एकाआड एक, फुलांचे झुबके भडक केशरी. आमच्या रोपांचे देठ गुळगुळीत आणि पानं समोरासमोर जोडीनं. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर लहान मूलसुद्धा फरक सांगेल.

विक्रेत्याला फोटो दाखवले. आधी म्हणाला, रंग मातीप्रमाणे बदलतो. मग म्हणाला, हिवाळा जाऊ द्या, वसंतात फुटवे येतील, नाही आले तर पैसे परत. मला सगळ्यात जास्त चीड या वायद्याची आली. क्रेडिट कार्डाच्या बिलावर हरकत घ्यायला बिल पाठवल्यापासून ६० दिवस मिळतात, आणि वसंतापर्यंत थांबलेल्या माणसाची ती मुदत कधीच उलटून गेलेली असते. पहिल्या कडक हिमानं रोपं काळी पडली. उपटली तर खाली नुसता मुळांचा झुपका. ट्युबरोझाचं जाड सोटमूळ खोल जातं आणि त्याच्याच जोरावर ती हिवाळा काढते. वसंतात काही उगवलं नाही, तेव्हा तोच माणूस म्हणाला, ‘तुम्ही पाणी जास्त घातलंत.’ आमच्यातल्या एका काकूंनी वाटीभर पाणीसुद्धा मोजून घातलं होतं. त्यांना हे ऐकून घ्यावं लागलं, हे मला अजून सहन होत नाही.

बाजारात उभ्या असाल तेव्हा पान आणि देठ बघा. मे महिन्यात उंच, कळ्यांनी भरलेलं रोप दिसलं तर संशय घ्या. इथल्या जमिनीत ट्युबरोझा वसंतात उशिरा डोकं वर काढते आणि साधारण जूनपासून फुलते. बियांना आधी महिनाभर ओलसर थंडी लागते आणि बियांपासून फुलायला बहुधा दोन-तीन वर्षं जातात, त्यामुळे खरं रोप बहुतेक वेळा लहानसंच मिळतं. ते एकदा लावलं की हलवू नका, सोटमूळ दुखावतं. पावतीवर शास्त्रीय नाव लिहून मागा, आणि लिहायला नकार देणाऱ्याकडून काही घेऊ नका. फॉरेस्ट प्रिझर्व्हच्या (काउंटीच्या राखीव जंगल-माळरानांच्या संस्थेच्या) वसंतातल्या नेटिव्ह रोपविक्रीत प्रत्येक रोपावर शास्त्रीय नाव असतं, आम्ही आता तिथूनच घेतो.

त्या विक्रेत्याचे ट्रे यंदाही लागलेत, लेबलही तेच आहे. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयात ग्राहक फसवणुकीची तक्रार ऑनलाइन करता येते, आम्ही ती केली आहे. तुमच्याकडे असली रोपं असतील तर फुलांचे, पानांचे आणि लेबलचे फोटो आजच काढून पावतीसोबत ठेवा, आणि ६० दिवस व्हायच्या आत कार्ड कंपनीला लेखी कळवा.