वाळूतल्या वेलींची वाइन, पणजीत

पणजीत दारूच्या दुकानांना तोटा नाही. पण युरोपातल्या लहान बागायतदारांची, म्हणजे स्वतःच्या मळ्यातली द्राक्षं स्वतःच गाळून बाटलीत भरणाऱ्यांची वाइन हवी असेल, तर फोंताइन्यासच्या एका आतल्या गल्लीतल्या या दुकानात जा, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत असतो. बाहेरून जुन्या घराची ओसरी दिसते. आत दोन खोल्या. मागच्या खोलीत बाटल्या आडव्या ठेवलेल्या, आणि ती खोली बारा महिने पंधरा-सोळा अंशांवर. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून त्या खोलीला वेगळा इन्व्हर्टर आहे. ही काळजी मला फार मोलाची वाटते. हायवेलगतच्या एका मोठ्या दुकानातून मी फ्रान्सची चांगली महागडी बरगंडी वाइन आणली होती. ती उन्हाच्या काचेमागे उभी राहून पार शिजली होती, चव उकडलेल्या मनुकांची. गोव्यात वाइन विकायची तर आधी उष्म्याचा बंदोबस्त हवा.

शनिवारी संध्याकाळी इथे चव घ्यायची बैठक असते. आठ-दहा माणसं, एकच लांब टेबल. दुकान चालवणारी मुलगी लिस्बनला काही वर्षं राहून आलेली, बोलते मात्र आपल्यासारखी. प्रत्येक वाइनसोबत ती त्या मळ्याचा फोटो फिरवते, माती कसली ते सांगते आणि मग गप्प बसून आपल्याला पिऊ देते.

त्या टेबलावर मी कोलारिश पहिल्यांदा चाखली. पोर्तुगालमध्ये सिंत्रा गावाजवळ, अटलांटिकच्या अगदी कडेला हा चिमुकला टापू. युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक, काबु दा रोका, तिथून हाकेच्या अंतरावर. वेली वाळूत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपभरच्या द्राक्षवेलींची मुळं खाल्ली. त्यानंतर बहुतेक ठिकाणी अमेरिकन मुळांवर कलम करूनच वेली लावाव्या लागल्या. कोलारिशच्या वाळूत मात्र त्या किडीचं काही चाललं नाही, त्यामुळे तिथली वेल आजही स्वतःच्या मुळांवर उभी आहे. ही वाळू खोल असते. लागवड करायची तर ती उपसत खालच्या चिकणमातीपर्यंत चर खणावा लागतो. खारा वारा अडवायला बोरूची कुंपणं घालतात, वेली जमिनीसरशा पसरू देतात. एवढा खटाटोप करून पीक थोडंच, आणि वाढत्या वस्तीने मळे गिळलेले.

द्राक्षाची जात रामिश्कु. अर्ध्या लिटरची ती बाटली विकायला नव्हती, दुकानवालीने स्वतः येताना आणलेली. रंग फिकट लाल, पहिल्या घोटाला तुरट, जवळजवळ रागीट. मग ग्लासात अर्धा तास राहू दिली, तशी करवंदासारखी आंबट-गोड झाली आणि जिभेच्या कडांवर मिठाची हलकी चव उरली. मिठागरांच्या गावात वाढलेल्या माझ्या बायकोने ती माझ्याआधी ओळखली.

दुसरी आवडलेली वाइन पोर्तुगालच्याच आलेंतेझु भागातली, ताल्यातली. ताल्या म्हणजे माणसाच्या उंचीचे मातीचे रांजण. आतून राळ आणि मेण लावून घेतात, द्राक्षं सालींसकट आंबवतात. साली हळूहळू तळाशी बसतात आणि वाइन त्यांच्यातूनच गाळली जाऊन खालच्या तोटीतून बाहेर येते. 11 नोव्हेंबरला, सांत मार्तिन्युच्या दिवशी, रांजण उघडण्याची प्रथा आहे. आमची सत्तरी तालुक्यात काजूची बागायत आहे, आजोबांच्या वेळी बोंडूंचा रस मातीच्या भांड्यांतच आंबायचा. त्या ताल्यातल्या पांढऱ्या वाइनला नाक लावलं आणि ओल्या मडक्याचा तोच वास आला. काजू फेणीला 2009 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आमच्या भट्टीवाल्याला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं, फेणी गोव्याचीच हे सांगायला कागद कशाला, असं त्याचं म्हणणं. आलेंतेझुतले रांजणवाले त्याला भेटले तर दोघांचं चांगलं जमेल.

खाण्याचं सांगतो, कारण तिथेच हे दुकान एकदा चुकलं. मिन्यु नदीकाठच्या मोंसांव इ मेल्गासुची आल्वारिन्यु ही पांढरी वाइन रवा लावून तळलेल्या मुडदुशीबरोबर दिली, ती जोडी अफलातून होती. तिथली माती ग्रॅनाइटची, वाइन लिंबासारखी लख्ख, तळणीचं तेल धुऊन काढते. पण मटणाच्या शाकुतीबरोबर पोर्तुगालच्या बाइराडा भागातली बागा ही लाल वाइन ठेवली, हे मला पटलं नाही. बागा फार तुरट द्राक्ष, आणि तुरटपणा तिखटाला आणखी भडकवतो. आमच्याकडची तळहातभर मिरची घातलेली शाकुती, वर बागा, जीभ भाजून निघाली. मी म्हटलं, “बाय, हिच्यासोबत मोझेलची रीस्लिंग काढ.” तिने लगेच काढली. रीस्लिंग ही पांढरी वाइन, आणि जर्मनीतल्या मोझेलचे मळे पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर असतात. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंटचा चढ सुमारे 65 अंशांचा, त्यामुळे बहुतेक काम हातांनी. हलक्या काबिनेट प्रकारात अल्कोहोल आठ-नऊ टक्के आणि किंचित गोडी असते. तिखट शमलं, मसाल्याचा खोबरेल सुगंध जागच्या जागी राहिला. “पुढल्या शनिवारी हीच ठेवते, बाब,” ती म्हणाली, आणि ठेवलीही.

किंमत. साधी आल्वारिन्यु अडीच हजारांच्या आसपास, ताल्या त्याच्या दुप्पट. युरोपियन वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं 150 टक्के आयात शुल्क लागत आलं, त्यात लहान मळ्याच्या थोड्याशा बाटल्यांवर जहाजाचा खर्च जास्त पडतो. तरीही बैठकीचे पैसे मला अगदी रास्त वाटतात, कारण एवढ्या पैशांत एक पूर्ण बाटलीही येत नाही आणि इथे सहा मळे चाखायला मिळतात. घरी नेणार असाल तर आल्वारिन्युपासून सुरुवात करा. लाल वाइन आपल्या घरच्या तापमानाला पिऊ नका, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

शनिवारची जागा फोनवर आधी राखून ठेवावी लागते. गाडी गल्लीत नेऊच नका, ओरें खाडीच्या बाजूला लावून चालत या. घरी जाताना चालवायला कोणीतरी न पिणारं सोबत हवंच.