वडशाहून पुण्याच्या थेरपिस्टपर्यंत : ऑनलाइन बालविकास सेवेचा चौदा महिन्यांचा अनुभव

आमच्या मुलाला पुढे स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. तो साडेतीन वर्षांचा असताना, म्हणजे चौदा महिन्यांपूर्वी, आम्ही पुण्यातील एका बालविकास केंद्राची ऑनलाइन सेवा घ्यायला सुरुवात केली. केंद्राचे नाव मी येथे देत नाही. पुढे त्याच्या काही उणिवाही सांगायच्या आहेत, आणि पालकांना नावापेक्षा ही सेवा नेमकी कशी चालते, तिच्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे कळणे अधिक उपयोगाचे आहे. आम्ही गडचिरोली जिल्ह्यातील वडशाला राहतो. येथून नागपूरला जाऊन यायचे म्हटले की सगळा दिवस मोडतो. आठवड्यातून दोनदा थेरपी घ्या, असे सांगणारे डॉक्टर बरोबरच सांगतात. पण दर आठवड्याला दोन दिवसांची मजुरी किंवा रजा बुडवू शकेल असे घर आमच्या ओळखीत नाही. देशात एक लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण ०.७५ आहे, म्हणजे पुरता एकही नाही; आणि मुलांच्या वाढीचा व वर्तनाचा अभ्यास असलेले तज्ज्ञ त्याहूनही विरळ. तेव्हा ऑनलाइन सेवा चांगली की प्रत्यक्ष सेवा चांगली, हा प्रश्न आमच्यापुढे कधी नव्हताच. ऑनलाइन सेवा की काहीच नाही, एवढाच प्रश्न होता.

याआधी एका दुसऱ्या कंपनीचा अनुभव आम्ही घेतला होता, तोही सांगितला पाहिजे. तेथे व्हिडिओ कॉलवर पंचवीस मिनिटे मुलाला पाहून त्याला स्वमग्नता असल्याचा अहवाल पाठवण्यात आला, आणि त्याच संध्याकाळी सहा महिन्यांच्या थेरपीचे पॅकेज आगाऊ पैसे भरून घेण्यासाठी फोन सुरू झाले. अहवालावर सही करणाऱ्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक नव्हता. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाचा उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदणीचा क्रमांक प्रत्येकाकडे असतो. आम्ही तो विचारला तेव्हा उत्तर मिळाले नाही, आणि भरलेली पहिली रक्कमही परत मिळाली नाही. ऑनलाइन सेवा निवडताना तो क्रमांक आधी मागून घ्यावा आणि मगच पैशांचे बोलावे, हे मी त्या दिवसापासून भेटेल त्या पालकाला सांगते.

पुण्याच्या केंद्राने सुरुवातीला मुलाला कॅमेऱ्यासमोर बसवायला सांगितलेच नाही. त्यांनी आमच्याकडून चार लहान व्हिडिओ मागवले : जेवताना, खेळताना, आजीच्या मांडीवर असताना आणि बाहेर अंगणात. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर जे मूल टेबलाखाली लपून बसते, ते आपल्या घरात कसे वागते हे या व्हिडिओंतून दिसले. दवाखान्यात असे दिसणे अवघडच आहे. त्यानंतर आमच्याशी दोन वेळा, प्रत्येकी सव्वा तास, फक्त बोलणे झाले. गर्भारपण, जन्माच्या वेळी मूल रडले होते का, मान कधी धरली, पहिला शब्द कोणता, आलेले शब्द पुढे हरवले का, असे प्रश्न होते. मुलाच्या आजीला आठवणाऱ्या गोष्टी मला आठवत नव्हत्या, म्हणून दुसऱ्या वेळी केंद्रातील थेरपिस्ट मॅडमनी त्यांनाही मुद्दाम बोलावून घेतले. घरातील मोठ्या माणसाला विचारात घेतल्यामुळे पुढे घरात थेरपीला विरोध झाला नाही. या एका गोष्टीचे मोल मला फार वाटते.

एक प्रश्न मात्र मी चुकीचा समजले होते. आलेल्या फॉर्ममध्ये ‘मूल बोटाने दाखवते का’ असे विचारले होते आणि मी ‘हो’ लिहिले होते, कारण बिस्किटाचा डबा वर ठेवला की तो बोट करायचा. मॅडमनी समजावले की हवे ते मागण्यासाठी बोट करणे वेगळे आणि ‘ते बघ’ म्हणून दुसऱ्याला दाखवण्यासाठी बोट करणे वेगळे. पहिल्यात मुलाला वस्तू हवी असते. दुसऱ्यात आपण पाहिले ते जवळच्या माणसानेही पाहावे असे त्याला वाटत असते. स्वमग्नतेच्या तपासणीत या दुसऱ्या बोटाला फार महत्त्व आहे. आमच्या घरामागून गोंदिया-बल्लारशा मार्गावरची गाडी जाते आणि मुलाला ती अतिशय आवडते, पण तीन वर्षांत त्याने ती मला कधी दाखवली नव्हती. हे माझ्या लक्षात आले ते त्या कॉलवर. प्रश्नावली भरून घेऊन आपोआप गुण सांगणाऱ्या ॲपवर मी विसंबले असते, तर माझ्या चुकीच्या ‘हो’मुळे निष्कर्षही चुकला असता.

थेरपीची पद्धत अशी की आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटांचे सत्र होते आणि ते मुलाचे कमी, माझे जास्त असते. आदल्या दोन दिवसांत मी मुलाबरोबर खेळतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा, आणि सत्रात मॅडम तो माझ्याबरोबर पाहतात, मध्येच थांबवतात आणि विचारतात, ‘ताई, आत्ता त्याने तुमच्याकडे पाहिले, तेव्हा तुम्ही काय करत होता?’ पहिल्या व्हिडिओत मी काय करत होते, तर एकामागून एक प्रश्न विचारत होते : हा कोणता रंग, हा कोण, कावळा कसा करतो. मूल माझ्याकडे तीनदा वळले होते आणि तिन्ही वेळा मी चित्रांच्या पुस्तकाकडे पाहत होते. स्वतःला असे पाहणे सोपे नव्हते. पण त्यानंतर मी बोलणे कमी केले, तो करील ते आपणही करून पाहायचे आणि थांबायचे, हे शिकले. ही पद्धत केंद्राने मनाने काढलेली नाही. गोव्यातील संगत या संस्थेत आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे आई-वडिलांमार्फत द्यायच्या अशाच थेरपीचा अभ्यास झाला होता, तो २०१६ साली लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात छापून आला. त्यात ही थेरपी तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन शिकवली होती, आणि मुलांशी होणाऱ्या आई-वडिलांच्या देवाणघेवाणीत तिच्यामुळे स्पष्ट सुधारणा दिसली. ज्या थेरपीचे मुख्य साधन घरचा व्हिडिओ आणि आई-वडिलांशी बोलणे हेच आहे, ती ऑनलाइन द्यायला फारसे काही बदलावे लागत नाही. म्हणूनच, माझ्या मते, आमच्याकडे ती चालली.

भाषेचा मुद्दा मी कमी लेखणार नाही. आम्हाला आधी नेमून दिलेल्या थेरपिस्ट हिंदी आणि इंग्रजीतून बोलत होत्या. त्या कामात चांगल्या होत्या; पण मूल ज्या भाषेत एक-दोन शब्द बोलू लागले आहे, त्याच भाषेत त्याला पुढचा शब्द द्यावा लागतो. आमच्याकडे झाडीबोलीचे, म्हणजे आमच्या भागातल्या बोलीचे, शब्द घरात सहज येतात, त्यामुळे नंतर मिळालेल्या पुण्याच्या मराठी मॅडमनाही सुरुवातीला काही कळले नाही. त्यांनी मात्र आम्हाला पुस्तकी मराठीत बोलायला लावले नाही. आमचे शब्द त्यांनी स्वतःच्या वहीत लिहून घेतले आणि चित्रांची कार्डे त्या शब्दांनुसार बदलून पाठवली. एवढे करूनही केंद्राचे ॲप आणि पैसे भरल्याच्या पावत्या अजून इंग्रजीतच आहेत, आणि दर तीन महिन्यांनी येणारा प्रगतीचा अहवालही इंग्रजीतच येतो. मला तो वाचता येतो, मुलाच्या आजीला येत नाही. आणि दिवसातले सहा तास मूल त्यांच्याजवळ असते. अहवालाचे एक पान तरी मराठीत द्यावे, ही विनंती मी तीन वेळा केली आहे.

तांत्रिक अडचणी आल्या, पण सोसवतील इतक्याच. पावसाळ्यात लाइन जाते आणि टॉवरची रेंजही तिच्या मागोमाग जाते. अशा दिवशी सत्र वाया न धरता साध्या फोनवर घेतले जाते, आणि व्हिडिओ नंतर पाहिले जातात. हे व्हिडिओ किती दिवस ठेवले जातात आणि कोण पाहू शकते, हे करारात लिहून मागितल्यावर मिळाले. ते न विचारता सांगायला हवे होते.

ऑनलाइन जे होत नाही, तेही स्पष्ट लिहिते. मूल हाकेला ओ देत नसेल तर आधी त्याला ऐकू येते की नाही हे तपासावे लागते, आणि झोपलेल्या मुलाच्या डोक्याला तारा लावून करायची बेरा ही तपासणी कोणत्याही पडद्यावरून होणार नाही. केंद्राने ती झाल्याशिवाय निदान लिहून देण्यास नकार दिला, आणि मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटला तो तेव्हा. त्या एका तपासणीसाठी आम्ही नागपूरला गेलो. ऑक्युपेशनल थेरपीचा (शरीराच्या हालचाली आणि रोजची कामे जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या थेरपीचा) अनुभव मध्यम आहे. मुलाच्या स्नायूंचा ताण हाताने पाहावा लागतो, झोपाळ्यावर त्याला भीती वाटते की मजा वाटते हे शेजारी उभे राहून कळते. कॅमेऱ्यातून सांगितलेले व्यायाम आम्ही करतो, पण बरोबर करतो आहोत याची खात्री मला आजही नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज घरून करता येतो, तपासणी मात्र डॉक्टरांच्या मंडळासमोर प्रत्यक्षच होते. तेथे स्वमग्नतेसाठी भारतीय मोजपट्टी वापरतात, तिच्यात चाळीस मुद्दे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यांत आहे, हे आमच्या मॅडमनी सांगितले नसते तर आम्ही अर्जच केला नसता. ज्यांना शहरातले कोणतेच केंद्र परवडत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी जरूर करावी. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होऊन मूल पुढे तेथे पाठवले जाते, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

औषधांविषयी पालकांचा मोठा गैरसमज असतो. आमच्या नात्यातील एका आठ वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) आहे. त्याच्या वडिलांना वाटत होते की एवढ्या कॉलनंतर गोळी लिहून द्यायला डॉक्टर विनाकारण टाळाटाळ करतात. वस्तुस्थिती अशी आहे की २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाचे जे नियम काढले, त्यांनुसार अनुसूची एक्समधील (कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीतील) आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालील औषधे ऑनलाइन लिहून देता येत नाहीत, आणि एडीएचडीसाठी वापरले जाणारे मिथाइलफेनिडेट त्यात येते. ते हवे असेल तर डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटावेच लागते. जी कंपनी हे औषध व्हिडिओ कॉलवर मिळवून देण्याचे आश्वासन देते, तिच्यापासून दूर राहावे.

या सगळ्यात माझ्या स्वतःच्या मनाचे काय झाले, हे मी कोणाला सांगितले नव्हते. निदान झाल्यानंतर दोन महिने मला रात्री झोप लागत नव्हती आणि ‘गरोदर असताना तू मोबाइल फार पाहिलास’ असे कोणी सहज म्हटले तरी दिवसभर ते मनात राहायचे. केंद्राच्या सेवेत पालकांसाठी समुपदेशन आहे, पण त्याचे पैसे वेगळे. तेव्हा एका रात्री मी १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा क्रमांक लावला. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेकडे तिचे मुख्य काम आहे, ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि वीस भाषांत मिळते. मी मराठी निवडली. पलीकडच्या ताईंनी मला घाईने सल्ला दिला नाही. आई मोबाइल पाहते म्हणून मुलाला स्वमग्नता होत नाही, हे त्यांनी सरळ शब्दांत सांगितले, आणि झोप व भूक यांबद्दल नीट विचारून तीन दिवसांनी पुन्हा बोलण्याची वेळ ठरवली. मुलाची थेरपी तेथे होत नाही, त्या सेवेकडून ती अपेक्षाही नाही. पण थेरपी करणाऱ्या आईला उभे राहण्यासाठी जो आधार लागतो, तो मला तेथे मिळाला.

खर्चाचा हिशेब असा : एका सत्राला आठशे रुपये, महिन्याला बत्तीसशे, शिवाय तीन महिन्यांनी डॉक्टरांचा आढावा. नागपूरच्या फेऱ्यांपेक्षा हे कमी आहे, परंतु कमी म्हणजे सर्वांना परवडणारे नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले आहे. तरी थेरपीच्या पावतीवर आम्हाला विम्यातून काही मिळाले नाही. आता प्रमाणपत्र हाती आल्यावर राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत अर्ज केला आहे. तिच्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून थेरपीचाही समावेश आहे.

ज्यांचे मूल सहा वर्षांखालील आहे, ज्यांच्या घरात दिवसातून अर्धा तास मुलाबरोबर जमिनीवर बसणारे एक तरी माणूस आहे आणि ज्यांना मराठीत बोलणारा नोंदणीकृत थेरपिस्ट मिळतो आहे, त्यांनी अशी सेवा निःशंकपणे घ्यावी. मुलाला झटके येत असतील, चालण्यात अडचण असेल किंवा ते स्वतःला इजा करून घेत असेल, तर आधी प्रत्यक्ष डॉक्टरांकडे जावे. आम्ही आता पंधरा दिवसांनी एक सत्र घेतो. मागच्या महिन्यात पाठवलेल्या व्हिडिओत दुपारची गाडी गेली तेव्हा मुलाने माझी हनुवटी धरून माझा चेहरा खिडकीकडे वळवला. बोट नव्हते, शब्दही नव्हता. मॅडमनी तो भाग दोनदा लावून पाहिला आणि पुढच्या पंधरा दिवसांचे काम ठरवले : गाडी येण्याच्या वेळी खिडकीत बसायचे आणि आपण आधी काही बोलायचे नाही.