गच्चीवरचे चार गुलाब : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

पुण्यात गुलाबाचं रोप घ्यायला बहुतेक जण डिसेंबर-जानेवारीत नर्सरीत जातात. तेव्हा प्रत्येक रोपावर टपोरं फूल असतं आणि कुठलंही उचललं तरी छानच वाटतं. माझं मत मात्र आता पक्कं झालंय : गुलाबाची जात ठरवायची ती सप्टेंबरात तिच्या अंगावर पानं किती उरली आहेत ते बघून. डबल डिलाइट, आइसबर्ग, ग्लॅडिएटर आणि आपला गावठी गुलाब हे चारही गेल्या जूनपासून माझ्या गच्चीवर शेजारी शेजारी आहेत. माती एकच, ऊन एकच. पावसाळा, थंडी आणि आता एप्रिलचा चटका बघून हे लिहिते आहे.

आधी कुंडीबद्दल. नर्सरीतलं रोप बहुधा चिकट मातीच्या गोळ्यात येतं. गोळा तसाच ठेवला तर पावसात त्यात पाणी साचून राहतं, आणि एकदा कडक वाळला की वरून घातलेलं पाणी कडेनं निघून जातं, मुळांपर्यंत पोचतच नाही. म्हणून गोळा बादलीत भिजवून बाहेरची माती अलगद सोडवली, मुळं तुटू दिली नाहीत. बारा इंची कुंडी, लाल माती, पूर्ण कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. डोळा भरलेली जागा, म्हणजे खालच्या जंगली गुलाबावर हवी ती जात जोडलेली गाठ, मातीच्या वर राहिली पाहिजे.

डबल डिलाइटसाठी खरं तर ही सगळी खटपट होती. 1977 सालची ही अमेरिकन जात, आणि तिचा वास असा की जिना चढून वर आलेला माणूस आधी तिच्याकडेच वळतो. कळी उघडताना पाकळ्या साईच्या रंगाच्या असतात, कडांना लाली. मग ऊन जिथे जिथे लागेल तिथे लाल रंग आत सरकत जातो. ऑगस्टच्या ढगाळ हवेत आलेली फुलं जवळजवळ पांढरीच राहिली, तर नोव्हेंबरच्या स्वच्छ उन्हात तेच झाड तिसऱ्या दिवशी अर्धंअधिक लाल झालेलं फूल दाखवत होतं. सावलीतल्या बाल्कनीत हिला ठेवणं म्हणजे तिचा निम्मा रंग घालवणं.

पण प्रकृती नाजूक. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके आले, खालची पानं पिवळी होऊन गळाली. थंडी सुरू होताच कोवळ्या शेंड्यांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन फवारलं की आटोक्यात येते, मात्र कडक उन्हाळ्यात गंधक वापरू नये, पानं करपतात. ज्यांना रोज पाच मिनिटं झाडाकडे बघायला जमेल त्यांनीच ही घ्यावी.

आइसबर्ग ही जर्मनीच्या कोर्डेस यांची 1958 सालची जात. पांढऱ्या फुलांचे घोस, काटे फार कमी, वास अगदी मंद. काळे ठिपके हिलाही आले, पानंही गळाली, पण फरक असा की महिन्याभरात झाड पुन्हा पानांनी भरून गेलं आणि फुलं कधी पूर्ण थांबली नाहीत. पहिल्यांदाच गुलाब लावणाऱ्याला मी हीच जात सांगेन.

ग्लॅडिएटर लाल, मोठा, दांडा लांब, फूलदाणीत टिकणारा. झाड दणकट. वास मात्र मला पुरेसा वाटला नाही, आणि माझ्यासाठी वासाशिवाय गुलाब अपुरा आहे.

गावठी गुलाबाचं फूल लहान, गुलाबी, दुपारपर्यंत मान टाकणारं. हार-गजऱ्याला नाही आणि फूलदाणीलाही नाही. पण पावसाळा त्याच्या गावीही नव्हता. बाकीच्यांना फवारणी चालू असताना हा हिरवागार उभा. फांदी लावून केलेलं रोप असल्यामुळे खुंटाची, म्हणजे कलमाखालच्या जंगली झाडाची, भानगड नाही, छाटणी चुकली तरी जे फुटेल ते त्याचंच. पाकळ्या आणि खडीसाखर बरणीत थरावर थर लावून उन्हात ठेवली की गुलकंद. त्यासाठी या कुंडीवर कुठलंही औषध मारत नाही, आणि शेजारच्या कुंड्यांवर फवारणी करायची असेल तेव्हा ही लांब नेऊन ठेवते.

खुंटाबद्दल थोडं. ऑनलाइन मागवलेल्या एका रोपाला जुलैत डोळ्याच्या खालून एक जोमदार, लवचिक फांदी फुटली आणि बघता बघता मूळ फांद्यांच्या वर गेली. ती जंगली फूट. सात पानांचं पान म्हणजे जंगली असं सरसकट सांगतात, पण कलमी जातींनाही कधी कधी सात पानं येतात. खात्रीची खूण एकच : फांदी नेमकी कुठून निघाली आहे. डोळ्याच्या खालून असेल तर माती बाजूला करून बुडापासून ओढून काढायची. नुसती कापली तर तिथूनच पुन्हा फुटते.

छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात केली. वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या पूर्ण काढल्या, बाकीच्या साधारण निम्म्यावर, बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या (इथे डोळा म्हणजे फांदीवरचा फुटवा येणारा कोंब) किंचित वर तिरका काप. कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप), नाहीतर फांदी वरून काळी पडत खाली येते. साधारण दीड महिन्यानं नोव्हेंबरअखेर पहिला बहर आला आणि तो बहर वर्षातला सर्वांत सुंदर होता.

आता फुलकिड्यांचे दिवस आहेत. पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात, कळी अर्धवट उघडून तशीच राहते. पांढऱ्या आइसबर्गवर हे लगेच दिसतं. अशा कळ्या खुडून पिशवीत बंद करून टाकते, कुंडीत कधीच नाही. मे महिन्यात फुलांचा आग्रह सोडून दुपारी हिरव्या जाळीची सावली आणि सकाळी बुडाशी पाणी, एवढंच.

पुढच्या जूनसाठी ग्लॅडिएटरच्या जागी भारतीय जात शोधते आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल हे गुलाबाचे मोठे पैदासकार. त्यांची पांढरी ‘डॉ. होमी भाभा’ आणि गुलाबी घोसांची ‘दिल्ली प्रिन्सेस’ या दोन्ही मनात आहेत. दिल्लीत घडलेल्या या जाती आपल्या चार महिन्यांच्या पावसात पानं किती धरतात, ते बघायचं आहे. पुण्याच्या आसपास कुणी लावल्या असतील तर सप्टेंबरातली पानं कशी होती ते जरूर कळवा.