खेड्यातल्या लाईनवर फ्रीज: डायरेक्ट कूल की फ्रॉस्ट फ्री?

दुकानदाराचं एकच पालुपद असतं: फ्रॉस्ट फ्री घ्या, बर्फाची कटकटच नाही. शहरात ते बहुतांशी खरं आहे. पण घर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाईनच्या शेवटच्या टोकाला असेल आणि हरभऱ्याच्या ओलिताला मोटारी सुरू झाल्या की घरातला पंखा मंदावत असेल, तर ती कटकट फ्रीझरच्या मागच्या पॅनलआड जाऊन बसते. मी दोन्ही प्रकार वापरलेत. सध्या घरात डायरेक्ट कूल, म्हणजे बर्फ आपल्या हातानं काढावा लागणारा, आहे. तुमची लाईन चांगली असेल तर तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

डायरेक्ट कूलचा त्रास उघड आहे. पावसाळ्यात फ्रीझरच्या भिंतीवर बर्फ चढतो, ट्रे चिकटतो, आतलं झाकण लागेनासं होतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात बर्फ कमी धरतो, मृगानंतर हवेत ओल आली की भराभर वाढतो. त्यात मे महिन्यात थर्मोस्टॅटची नॉब शेवटच्या आकड्यावर नेलेली असते आणि पोळा आला तरी ती तिथंच असते. ती मधल्या आकड्यावर आणली तरी बराच फरक पडतो. मग गॅस्केट, म्हणजे दाराचं रबर, बघा. दहाची नोट फटीत धरून दार लावा. नोट सहज ओढली गेली तर तिथून ओली हवा आत शिरते. रबर साबणाच्या पाण्यानं पुसा, वाकलेल्या जागी गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ दाबून धरा. फाटलेलं नसेल तर बहुधा पुन्हा बसतं. फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवले की दार आपसूक ओढून लागतं. आणि तुरीचे सोले धुऊन ओलेच पिशवीत भरले किंवा वरणाचा गंज उघडा ठेवला, तर रबर नवं असलं तरी बर्फ येणारच.

थर अर्धा सेंटिमीटर झाला की काढावा. त्याहून जाड थर गारवा अडवतो, कॉम्प्रेसर उगाच जास्त वेळ चालतो. नॉबच्या मधलं डीफ्रॉस्टचं बटण दाबा, फ्रीझर रिकामा करा, आत जाड फडक्यावर गरम पाण्याचं भांडं ठेवा (उकळतं नको), खाली जुना टॉवेल पसरा. तास-दीड तासात थर सुटतो. भिंत पुरेशी गरम झाली की बटण आपोआप बाहेर येतं. येतच नसेल तर थर्मोस्टॅट तपासून घ्या. सराटा, विळा, स्क्रूड्रायव्हर यांना मात्र त्या दिवशी स्वयंपाकघरातच राहू द्या. फ्रीझरच्या त्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातूनच गॅस फिरतो. एक टोचा बसला की गॅस गेला, आणि नव्या मॉडेलांत बहुतेक आर६००ए असतो, जो पेट घेतो.

याच फ्रीझरवर बर्फाचा आकार बघून दोष कळतो, हे मला मोठं सोयीचं वाटतं. सगळीकडे सारखा थर असेल तर ती नुसती ओल. झाकणाच्या कडेलाच गठ्ठा असेल तर झाकण किंवा त्याची स्प्रिंग गेली. एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी पत्रा कोरडा असेल तर गॅस कमी झालेला असण्याची शक्यता जास्त. खालच्या कप्प्यातली भाजीही गोठते आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही, तर थर्मोस्टॅट अडकला. यातलं काहीही उघडावं लागत नाही.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये हाच बर्फ मागच्या पॅनलआड कॉइलवर, म्हणजे गार होणाऱ्या नळ्यांवर, धरतो. टायमर किंवा बोर्ड दिवसातून दोन-तीनदा हीटर लावून तो वितळवतो. सगळं नीट चालतं तोवर काही बघावं लागत नाही, हे कबूल. बिघडलं की वरचा फ्रीझर गार आणि खालचा कप्पा कोमट होतो, पंखा बर्फाला घासून खरखरतो, आणि बहुतेक घरांत पहिली वर्दी फाटलेल्या दुधानं मिळते.

मला पटलं नाही ते इथंच. हीटर साध्या रोधाचा असतो. त्याची उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं घटते. २३० ऐवजी १७० व्होल्ट आले तर ती जवळपास निम्म्यावर, ५५ टक्क्यांवर येते. डीफ्रॉस्टची वेळ मात्र ठरलेली, साधारण वीस-तीस मिनिटं. बर्फ अर्धवट वितळतो, उरलेला पुन्हा गोठतो, थरावर थर चढतो. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ हे लेबल बघून घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की इन्व्हर्टर कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजवर चालतो, पण हीटरला सहसा लाईनचंच व्होल्टेज मिळतं. त्याला कुणी वाली नाही.

असा फ्रीज घरात असेल तर आधी प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण एक दिवस राहू द्या. नंतर चार-सहा दिवस छान चालून पुन्हा कोमट झाला, तर दोष डीफ्रॉस्टचा आहे. गॅस भरायला निघालेल्या मिस्त्रीला थांबवा. मग पॅनल काढा. कॉइल पूर्ण पांढरी असेल तर हीटर, बायमेटल (गारव्यात जोडला जाणारा, गरम झालं की हीटर बंद करणारा स्विच), फ्यूज, टायमर या क्रमानं तपासा. थोडीच पांढरी असेल तर मात्र गॅस. १५० वॅटचा हीटर मल्टिमीटरवर सुमारे ३५० ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तुटला. बायमेटल खोलीच्या तापमानाला उघडाच दिसतो, म्हणून तो फेकू नका. बर्फ-मिठात गार करून मोजा, तेव्हा तो जोडला गेला पाहिजे. थर्मल फ्यूज मात्र कधीही मोजला तरी जोडलेलाच हवा. फ्यूज उडाला म्हणून तारा थेट पिळून देणारे भेटतात. तसं करू देऊ नका. बायमेटल अडकला तर हीटर बंदच होत नाही आणि आतलं प्लॅस्टिक वितळतं. फ्रीझरच्या तळाला बर्फाची लादी आणि खाली पाणी, एवढंच असेल तर ड्रेनचं भोक तुंबलंय. मोठ्या सिरिंजनं गरम पाणी सोडलं की मोकळं होतं.

लाईन गेल्यावरचा फरक मी मोजलेला नाही, पण डायरेक्ट कूलमधला तो बदनाम बर्फच दूध जास्त वेळ टिकवतो असा अनुभव आहे. उलट घरात माणसं जास्त, लग्नसराईचा राबता, वर्षभराचा आमरस ठेवायचा आणि गावठाण फीडर (गावातल्या घरांची लाईन) शेतीच्या लाईनपासून वेगळा झालेला असेल, तर फ्रॉस्ट फ्रीची ऐसपैस जागा कामाची. तेव्हा १३५ व्होल्टपासून उचलणारा स्टॅबिलायझर त्याच बिलात घ्या आणि हीटर-बायमेटल तालुक्याला मिळतो का, ते पैसे देण्याआधी विचारा. डायरेक्ट कूल घेणार असाल तर दुकानातच आतलं झाकण दहा वेळा उघडझाप करून बघा. तिथली स्प्रिंग ढिली असेल तर दुसरा पीस मागा.