माणसे भली, कागद उघडे: देवगड तालुक्यातील एका बँकशाखेचा अनुभव

देवगड तालुक्यातील ज्या शाखेत माझे पीककर्जाचे खाते गेली चौदा वर्षे आहे, तिचे नाव येथे मुद्दाम देत नाही. पण हंगामाआधी नूतनीकरणासाठी बँकेची पायरी चढणाऱ्या बागायतदारांनी आपल्या शाखेशी हा अनुभव ताडून पाहावा.

कर्मचाऱ्यांविषयी तक्रार नाही. रोखपाल वृद्धांना स्लिपा भरून देतात, पासबुक छापण्याचे यंत्र बंद असेल तर हाताने नोंद करतात, आणि सातबारा जुना निघाला तरी अर्ज परत न करता ‘उद्या आणून द्या’ म्हणतात. तीन फेऱ्यांत नूतनीकरण झाले, हे आमच्याकडे जलदच.

दुसऱ्या फेरीत शाखाधिकाऱ्यांना भेटण्यासाठी क्रमांकाची चिठ्ठी हातात पडली. एका बाजूला लाल शाईत 17 लिहिले होते. चिठ्ठी उलटली, तर मागे कोणा बाईंच्या आधारकार्डाची झेरॉक्स होती: छायाचित्र, जन्मवर्ष, बाराच्या बारा अंक आणि खाली पेनने लिहिलेला मोबाइल क्रमांक. पाठकोरे कागद वाया जाऊ नयेत म्हणून त्यांचे चौकोन कापून टोकन केले होते. मी ती चिठ्ठी परत दिली, तेव्हा ‘काका, जुने कागद आहेत ते’ असे हसून उत्तर मिळाले. कागद जुना होतो. आधार क्रमांक होत नाही. मी स्वतः शेवटचे चारच अंक दिसणारे, आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळणारे मास्क्ड आधार नेले होते, ते मात्र ‘यावर नंबरच दिसत नाही’ म्हणून आधी नाकारण्यात आले.

कर्ज मंजूर झाल्यानंतर आठवड्याभरात घरी फोन आला. बोलणाऱ्याला मंजूर रक्कम रुपयापर्यंत ठाऊक होती आणि पीकविम्याच्या हप्त्यासाठी एक ॲप घ्यावे, असा त्याचा आग्रह होता. फोन पत्नीने उचलला होता. ‘मेल्या, माझो नंबर तुका कोणी दिल्यान?’ एवढे विचारून तिने तो बंद केला. पैसे गेले नाहीत. चिठ्ठी आणि फोन यांचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही, परंतु ती रक्कम आम्हा दोघांखेरीज बँकेलाच माहीत होती.

या फोनविषयी शाखेत सांगितल्यावर मिळालेले उत्तर मात्र मला पटले नाही. ‘ओटीपी दिला नाहीत ना? मग नुकसान काय झाले?’ असे विचारण्यात आले, म्हणजे माहिती फुटली तरी चौकशी ग्राहकाचीच. 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर शिरून सुमारे 94 कोटी रुपये गेले, आणि 2016 मध्ये सुमारे 32 लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली. त्या वेळी कोणत्या ग्राहकाने ओटीपी सांगितला होता? रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, हे स्पष्ट केले आहे: बँकेच्या हलगर्जीपणामुळे अनधिकृत व्यवहार झाला तर ग्राहकावर काहीही भार पडत नाही; दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तोच नियम लागू होतो; आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर असते. शाखेच्या भिंतीवर ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे तीन फलक आहेत, या नियमाचा एकही नाही. फसवणूक झाल्यास लागणारा 1930 हा क्रमांकही मला तेथे कुठे दिसला नाही.

(2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील कसुरीसाठी 250 कोटींपर्यंत दंड आहे खरा, पण तो डिजिटल माहितीपुरता, जी कधी संगणकात गेलीच नाही, अशा कागदावरच्या माहितीला तो लागू नाही.)

लेखी तक्रार दिल्यावर तिसऱ्या फेरीत प्लास्टिकची टोकने आलेली दिसली आणि माझे मास्क्ड आधारही मुकाट्याने घेतले गेले, हे शाखाधिकाऱ्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. पाठकोऱ्यांचा गठ्ठा मात्र सुतळीने बांधलेला झेरॉक्स यंत्राखाली अजून तसाच आहे. सेवेला पाचपैकी चार, माहितीच्या जपणुकीला एक. माझ्या तक्रारीला लेखी उत्तर आलेले नाही. तीस दिवस उलटले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करणार आहे. खाते तूर्त तेथेच ठेवले आहे, कारण आंब्याच्या पेट्या भरायला लागल्यावर बँक बदलायला सवड कोणाला असते?